निरवशेष न झालेले शब्द

निवडणुका जवळ आल्या की मराठी वर्तमानपत्रांत क्षत्रप उगवतात. कुणी एखाद्या जिल्ह्याचा क्षत्रप असतो, कुणी सहकाराचा. कुणी 'दिल्लीला न जुमानणारा प्रादेशिक क्षत्रप' म्हणून पहिल्या पानावर येतो आणि निकालानंतर आतल्या पानावर जातो. वाचणाऱ्याला या शब्दात 'क्षत्रिय' ऐकू येतो, छत्रपतींचं 'छत्र'ही ऐकू येतं, आणि शब्द भारदस्त वाटतो. खरं तर छत्राशी त्याचा संबंध नाही, आणि क्षत्रियाशी आहे तो दूरच्या नात्याचा. तो मुळात एका सरकारी हुद्द्याचं नाव आहे, आणि त्या हुद्द्यावरचा एक माणूस नाशिकच्या दगडावर स्वच्छ अक्षरांत कोरलेला आहे.

पांडवलेण्यांच्या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. शिलालेखांत त्याचं प्राकृत रूप 'तिरण्हु' असंही येतं. तिथलं दहाव्या क्रमांकाचं लेणं क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या नावानं ओळखलं जातं. पण ते खोदलं नहपानानं नव्हे, त्याच्या जावयानं. दीनीकाचा मुलगा उषवदात हा नहपानाच्या मुलीचा, दक्षमित्रेचा नवरा. ओसरीतल्या लेखात तो आपली ओळख आधी सासऱ्यावरून करून देतो, मग वडिलांवरून: राजा क्षहरात क्षत्रप नहपान याचा 'जामातृ', दीनीकाचा पुत्र. जामातृचा पुढे जावई झाला. आपल्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात, कारण तो घेतच राहतो. हा एक जावई असा निघाला की त्यानं सासऱ्याच्या राज्यात वाटतच सुटावं. त्याबद्दल पुढे.

आधी 'क्षत्रप' पाहू. या लेखात नहपान 'राजा'ही आहे आणि 'क्षत्रप'ही, एकाच दमात. तसं पाहिलं तर हे विसंगत आहे, कारण क्षत्रप हा राजाचा सुभेदार. इराणी सम्राट दारियसच्या बेहिस्तून शिलालेखात हा शब्द 'ख्शसपावन' अशा रूपात येतो. 'ख्शस' किंवा दुसऱ्या इराणी बोलीत 'ख्शथ्र' म्हणजे सत्ता, राज्य, आणि 'पा' म्हणजे राखणे. राज्य राखणारा तो क्षत्रप. ग्रीकांच्या जिभेला सुरुवातीचं 'ख्श' झेपेना, त्यांनी 'सात्रापेस' केलं. इराणी साम्राज्य बुडवल्यावर अलेक्झांडरनं पुष्कळ ठिकाणी हुद्द्यावरची माणसं बदलली, हुद्दा मात्र तसाच ठेवला. त्याच्यामागून आलेल्या सेल्युकसाच्या घराण्यानंही ठेवला. म्हणून इराणी शब्द ग्रीक राजवटींतून आणि मग शकांबरोबर आपल्याकडे पोचला. इथे आल्यावर त्याला ओळख पटवून द्यावी लागली नाही. 'ख्शथ्र'चं सख्खं भावंड 'क्षत्र' संस्कृतात होतं, आणि 'पा' तर गोप, भूप, नृप, महीप यांत रोजचा. परका शब्द इतक्या सहज घरचा दिसण्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

गंमत पुढे आहे. याच 'ख्शथ्र'चं फारसीत झिजत झिजत 'शहर' झालं. मधल्या काळातल्या फारसीत त्याचा अर्थ देश, राज्य असाच होता. गाव या अर्थावर ते नंतर उतरलं. 'शाह'ही याच 'ख्शा' म्हणजे राज्य करणे या धातूचा. म्हणजे 'शहराचे क्षत्रप' असा मथळा जेव्हा छापून येतो तेव्हा उपसंपादकानं नकळत एकाच कुळातली दोन माणसं शेजारी बसवलेली असतात. एक फारसीमार्गे आलं, दुसरं शिलालेखातून.

नहपान हे नावही इराणी वळणाचं मानतात. त्यातलं 'पान' म्हणजे राखणारा, पुन्हा तोच 'पा'. फारसीत या 'पान'चा 'बान' झाला आणि मराठीत तो दरबान, मेहरबान, बागवान या शब्दांतून आला. जुन्या नाशकात बागवानपुरा आहे. तिथल्या फळवाल्यांच्या 'वान'चा आणि लेण्यातल्या राजाच्या 'पान'चा उगम एक आहे, हे सांगितलं तर दोन्हीकडचे लोक बहुधा हसतील. पण व्युत्पत्ती सरळ आहे.

आता या राजाची अवस्था. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. नेमक्या वर्षांवरून अभ्यासकांत मतभेद आहेत. शिलालेखांत वर्षं येतात ती ४१ ते ४६. नाशिकला तो क्षत्रप आहे, आणि जुन्नरच्या मानमोडी डोंगरावर वत्स गोत्राच्या अयम या अमात्यानं ४६व्या वर्षी कोरवलेल्या लेखात महाक्षत्रप. बढती मिळाली, पण त्यानंतर लेखच नाहीत.

राज्य मोठं होतं, पण स्वस्थ नव्हतं. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती देणारं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक पुस्तक पहिल्या शतकातलं. त्यात भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून एक नाव येतं, ते नहपानाचंच असं बहुतेक मानतात. त्यात असंही आहे की कल्याण बंदरात चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे घाटाखालच्या बंदरावर पैठणच्या सातवाहनांची नाकेबंदी चालू होती. उत्तरेला मालयांनी उत्तमभद्रांना वेढलं होतं. राजाच्या आज्ञेवरून भर पावसाळ्यात उषवदात तिकडे धावला. मालय नुसत्या आवाजानंच पळाले अशी त्याची नाशिकच्या लेखातली फुशारकी आहे. त्यानंतर त्यानं पुष्करला स्नान केलं आणि तीन हजार गाई दिल्या.

देणं हा त्याचा स्वभाव होता की राज्यकारभाराची गरज, हे ठरवणं अवघड आहे. मला दुसरी शक्यता जास्त पटते. एकूण तीन लाख गाई दिल्या. देवाब्राह्मणांना सोळा गावं दिली. प्रभासला आठ ब्राह्मणांची लग्नं लावून दिली. भडोच, दशपूर, गोवर्धन, शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या. पारडी, दमण, डहाणू या पट्ट्यातल्या नद्यांवर आणि तापीवर फुकट नावा ठेवल्या. नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडं दिली. परका राजा जेव्हा इतकं वाटतो तेव्हा त्याला प्रजेची मर्जी विकत घ्यायची असते. जैन आवश्यकसूत्रावरच्या टीकावाङ्मयात याची एक खट्याळ गोष्ट आहे. भडोचचा नहवाहन राजा पैशानं बलवान, पैठणचा शालिवाहन सैन्यानं. वेढा घालूनही भडोच पडेना, कारण शत्रूची मुंडकी आणणाऱ्याला नहवाहन बक्षिसं वाटायचा. मग शालिवाहनानं आपल्या मंत्र्याला खोटंखोटं हाकलून दिलं. तो नहवाहनाकडे गेला, विश्वासात शिरला आणि त्यानं राजाला धर्मकृत्यांच्या नादी लावलं. देवळं, स्तूप, तळी. तिजोरी रिकामी झाल्यावर शालिवाहन पुन्हा आला. गोष्ट इतिहास नव्हे. पण दहाव्या लेण्यातली दानांची यादी वाचल्यावर ती रचणाऱ्याला काहीतरी ठाऊक होतं असं वाटत राहतं.

या लेण्यातली भाषा मात्र परकी अजिबात नाही. मराठी माणसानं ती थोडी थांबून वाचावी. 'लेण' हाच शब्द तिथे आहे, संस्कृत 'लयन'पासून आलेला, राहायची जागा या अर्थाचा. अंगावर लेण्याचं लेणं निराळं. पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय; लेणी पाहत हिंडणारी मंडळी आजही पोढीच म्हणतात. दक्षमित्रेनं दिलेल्या खोलीवर लेख आहे, त्यात खोलीला 'ओवरक' म्हटलं आहे, आणि देणाऱ्या राजकन्येला उषवदाताची 'कुडुंबिनी'. ओवरकाची आपल्याकडे ओवरी झाली. आळंदी-पंढरपूरच्या देवळांतल्या ओवऱ्या सगळ्यांच्या परिचयाच्या. आणि बायकोला 'कुटुंब' म्हणणारे आजोबा अजून पुष्कळांना आठवत असतील. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' या वाक्यातल्या कुटुंबाला शेजारच्या भाषा हसतात. त्यांना नाशिकची राजकन्या दाखवावी.

याच लेण्यातला ४२व्या वर्षाचा लेख म्हणजे मुदतठेवीची पावती आहे. उषवदातानं गोवर्धनातल्या कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे तीन हजार कहापण कायमचे ठेवले. हे गोवर्धन गंगापूरकडे जाताना लागतं, नाव तेच आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच खायचं. दोन हजारांचे महिना वीस, वर्षाचे दोनशेचाळीस. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशोब पैशालाही चुकत नाही. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. फलकाचा पुढे फळा झाला. कोलिकांचं मात्र विचित्र झालं. प्राकृतात 'कोलिअ' म्हणजे विणकर आणि जाळं विणणारा किडाही. मराठीनं माणूस टाकला आणि किडा ठेवला: कोळी, कोळिष्टक. विणकराला मग साळी, कोष्टी अशी दुसरी नावं मिळाली.

लेखात पैसे कहापण आहेत, म्हणजे कार्षापण. पण नहपानाच्या टाकसाळीतून पडणारं चांदीचं नाणं ग्रीक घाटणीचं होतं. वजन सुमारे दोन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या द्राख्मेच्या मापाचं. एका बाजूला राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी. ग्रीक अक्षरं जुळवून वाचली तर भाषा ग्रीक नाहीच. मिनँडर या ग्रीक राजाच्या नाण्यावर खरं ग्रीक होतं, राजाला 'बासिलेउस' म्हटलेलं. नहपानाच्या नाण्यावर 'राञो क्षहरातस नहपानस' हेच प्राकृत ग्रीक अक्षरांत बसवलंय. आपण मोबाइलवर रोमन लिपीत मराठी लिहितो, तसं. ग्रीक राजे जाऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांच्या लिपीशिवाय चांदी खरी वाटत नसावी. पेरिप्लसमध्येही नोंद आहे की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या जुन्या द्राख्मा अजून चालतात.

त्या द्राख्मेचा संस्कृतात 'द्रम्म' झाला. शिलाहारांच्या ताम्रपटांत द्रम्म येतात. प्राकृतात दम्म, आणि मराठीत दाम. मग 'दाम'चं पीक आलं: छदाम, दामदुप्पट, आणि धाकटी दमडी. व्याज मुद्दलापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी इंग्रजी अमलातही मानला. त्या निकालांच्या नावात अथेन्सचं नाणं खुळखुळत होतं. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असं ज्याच्याबद्दल म्हणतात तो चिक्कू मनुष्यही ग्रीक पैसाच कवटाळून बसलेला असतो.

ग्रीकांकडून आलेले आणखी काही शब्द घाईघाईनं सांगतो. केंद्र आणि होरा पंचांगवाल्यांनी आणले. सुरुंग लढाईतून आला, ग्रीक 'सिरिंक्स' म्हणजे नळी, त्यावरून संस्कृत 'सुरुङ्गा'. कथील म्हणजे संस्कृत 'कस्तीर', ग्रीक 'कासितेरोस'; नाशिकच्या तांबट आळीतल्या भांड्यांना कल्हई याच कथलाची होते.

आणि यवन. आयोनिया हा ग्रीकांचा आशियातला किनारा. इराण्यांनी त्यावरून सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हटलं, आपल्याकडे संस्कृतात यवन आणि प्राकृतात योन, योणक झालं. नाशिकच्या सतराव्या लेण्यात एक योणक भेटतो. बापाचं नाव धर्मदेव, त्याचं इंद्राग्निदत्त, मुलाचं धर्मरक्षित. तो स्वतःला उत्तरेकडचा, 'दातामिति' गावचा म्हणवतो. या गावाचं नाव दिमित्रियस या ग्रीक राजावरून पडलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. संस्कृत ग्रंथांत सौवीर देशातली 'दात्तामित्री' येते ती हीच. दिमित्रियसची कहाणी नहपानापेक्षा फार सुखाची नाही. बॅक्ट्रियाच्या युथिडेमसचा हा मुलगा, नाण्यावर डोक्याला हत्तीचं मुंडकं घालून मिरवणारा. हिंदुकुश ओलांडून तो या बाजूला आला. पुढे मागे बॅक्ट्रियात युक्रेटाइडीसनं गादी बळकावली. 'भारतीयांचा राजा' दिमित्रियसानं साठ हजार फौजेनिशी वेढा घातला आणि युक्रेटाइडीस तीनशे माणसांनिशी त्यातून सुटला, अशी हकिगत रोमन लेखक जस्टिन देतो. हा दिमित्रियस तोच की दुसरा, यावर वाद आहे. राज्य गेलं, गावाचं नाव राहिलं, तेही 'मित्रानं दिलेला' असं शुद्ध भारतीय वाटावं इतकं बदलून. आणि यवन शब्दाचं काय झालं? मराठी बखरींत तो मुसलमानांना लागला. इंद्राग्निदत्ताला हे सांगितलं असतं तर त्याला काहीच बोध झाला नसता.

नहपानाचा शेवट सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं केला. त्याची आई गौतमी बलश्री हिनं नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिसऱ्या लेण्यात मुलाची प्रशस्ती कोरवली. त्यात तो शक, यवन, पल्हव यांचा संहार करणारा आहे, आणि 'खखरातवंस' म्हणजे क्षहरात वंश 'निरवसेस' करणारा. आईनं निवडलेला हा शब्द मोठा कडक आहे: शिल्लकच ठेवली नाही.

जमिनीवर मात्र चित्र जरा वेगळं होतं, आणि तेही त्याच लेण्यात आहे. आपल्या कारकिर्दीच्या १८व्या वर्षी गौतमीपुत्रानं विजयी छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा पाठवली: पश्चिम कखडी गावातलं, आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं तेव्हाचं माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावं. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरी आज्ञा. या वेळी अमात्य बदललेला, श्यामक, आणि आज्ञा देणाऱ्यांत राजमाताही. त्यात लिहिलंय की कखडीचं ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली शंभर निवर्तनं द्यावीत. प्रशस्तीत विजय आहे, या दोन ओळींत लढाईनं उजाड झालेलं गाव. नहपानाच्या अडचणीच्या कारकिर्दीचा याहून खरा कागद मला माहीत नाही.

नाण्यांचंही तेच. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे तेरा हजार दोनशे पन्नास. रेव्हरंड स्कॉट यांनी तो तपासून प्रसिद्ध केला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला चैत्याचा शिक्का मारलेला आहे. वितळवून नवी पाडली नाहीत, वरूनच ठोकली. पुष्कळ नाण्यांवर चैत्याखालून नहपानाचं नाक, कपाळ किंवा चार ग्रीक अक्षरं डोकावतात. आईचं 'निरवसेस' मुलाच्या टाकसाळीलाच पाळता आलं नाही.

आणि मराठीलाही. सर्वांत मोठी फजिती 'शक' या शब्दाची. ज्यांचा गौतमीपुत्रानं संहार केला ते शक. उषवदात लेखांत स्वतःला शकच म्हणवतो. इसवी सन ७८ पासून मोजली जाणारी कालगणना पश्चिम भारतातल्या शक राजांनी, म्हणजे पश्चिम क्षत्रपांनी, शतकानुशतकं वापरली, म्हणून ती शकांची. फार पुढे तिला शालिवाहनाचं, म्हणजे सातवाहनाचं, नाव चिकटलं. तेव्हापासून 'शालिवाहन शक' या जोडशब्दात मारणारा आणि मेलेला एकत्र नांदत आहेत, आणि गुढीपाडव्याला आपण दोघांचंही नाव घेतो. मग शक म्हणजे नुसतं वर्ष, 'शके १५९६'. त्या शके १५९६ मध्ये, ६ जून १६७४ रोजी, रायगडावर राज्याभिषेक झाला, नवा शक सुरू झाला, आणि शिवाजी महाराजांना आपण 'शककर्ते' म्हणू लागलो. शत्रूच्या जातीचं नाव मराठीतल्या सर्वांत मानाच्या बिरुदांत जाऊन बसलं.

या तुलनेत 'क्षत्रप' आपल्या मूळ अर्थाला बराच प्रामाणिक राहिला आहे. नाशिकच्या लेखात नहपान नावानं कुणाचा तरी सुभेदार आहे आणि वागणुकीनं राजा: स्वतःचं नाणं पाडतो, जावयाकरवी दानं वाटतो, सरहद्दीवर सतत कुणाशी तरी झगडतो. म्हणून प्रादेशिक पुढाऱ्याला क्षत्रप म्हणणारे बातमीदार चुकत नाहीत. फक्त एक पथ्य पाळावं. ज्याच्या डोक्यावर दिल्लीत किंवा मुंबईत कुणीच बसलेलं नाही, ज्याला तिकिटासाठी कुणाचंच दार ठोठवावं लागत नाही, त्याला हा शब्द लावू नये. तो क्षत्रप नव्हे.